शैक्षणिक कुटुंब (सेंट अँड्रूज विद्यापीठ)

शैक्षणिक कुटुंब : स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज विद्यापीठात वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नवागतांना ‘मुले’ मानून सांभाळून घेण्याची प्रथा. विद्यापीठाची स्थापना १५व्या शतकाच्या आरंभीची असून १४१३ मध्ये त्याला पोपची सनद मिळाली. पदवी चार वर्षांची असते. पहिल्या वर्षाच्या मुलाला बीजंट, मुलीला बीजंटीन म्हणतात. पुढच्या वर्षांची नावे अनुक्रमे सेमी, टर्शियन आणि मॅजिस्ट्रंड. आईवडील बहुधा टर्शियन किंवा मॅजिस्ट्रंड असतात, कारण तोवर त्यांना गाव, विभाग आणि परीक्षांची रीत अंगवळणी पडलेली असते.

ही नाती कोणत्याही कार्यालयातून वाटून दिली जात नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत वसतिगृहात, मंडळांच्या बैठकांत किंवा एखाद्याच्या घरच्या चहाला ओळख होते आणि दोन्ही बाजूंच्या होकाराने नाते ठरते. आई व वडील वेगवेगळ्या वेळी मिळाले तरी चालते. अनेकदा दोन मित्र आपल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ‘लग्न’ ठरवून ठेवतात आणि पुढे एकत्र मुले घेतात. मुलांची संख्या ठरलेली नाही, आणि गफलत पुष्कळदा इथेच होते. हौसेने डझनभर मुले घेतली की एकाकडेही नीट लक्ष राहत नाही. याउलट लाजाळू किंवा गावाबाहेर राहणारा विद्यार्थी कुटुंबाविनाच राहतो. त्याने वसतिगृहातील वरिष्ठांना किंवा आपल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना सरळ सांगावे. त्यात कमीपणा मानत नाहीत.

आईवडिलांचे खरे काम रोजच्या बारीकसारीक गोष्टींतले. कोणता विषय घ्यावा, निबंध कसा मांडावा, पुढच्या वर्षासाठी घर कधीपासून शोधावे, हे ते सांगतात. गावच्या रीतीही त्यांच्याकडूनच कळतात. विद्यार्थ्यांचा पारंपरिक लाल झगा पहिल्या वर्षी दोन्ही खांद्यांवर नीट घालायचा. वर्षे वाढतात तसा तो खाली उतरत चौथ्या वर्षी कोपरांपर्यंत येतो. सेंट साल्व्हेटर चॅपलबाहेर फरसबंदीत ‘पी. एच.’ ही अक्षरे आहेत. १५२८ मध्ये तिथे जिवंत जाळण्यात आलेल्या पॅट्रिक हॅमिल्टन या धर्मसुधारकाची ती आद्याक्षरे. त्यांवर पाय पडला तर पदवी हुकते, अशी समजूत आहे; त्यावर उतारा म्हणजे १ मेच्या पहाटे समुद्रात डुबकी.

प्रथेचा मोठा सोहळा म्हणजे रेझिन वीकेंड (रेझिन म्हणजे बेदाणा). तो पूर्वी नोव्हेंबरात होई, हल्ली ऑक्टोबरात होतो. मूळ रीत साधी होती : मुलाने वरिष्ठाला कृतज्ञतेने एक पौंड (सुमारे ४५४ ग्रॅम) बेदाणे द्यायचे आणि वरिष्ठाने त्याची लॅटिनमध्ये पावती द्यायची. आता बेदाण्यांच्या जागी बहुधा वाइनची बाटली असते. रविवारी मुले आधी आईकडे चहाला, नंतर वडिलांकडे जातात. सोमवारी सकाळी आई मुलांना सोंग चढवते आणि वडील पावती देतात. पूर्वी ती चर्मपत्रावर असे. आता कोणत्याही वस्तूवर लिहितात, आणि ती जितकी अवजड, तितकी तिची गंमत. पावतीच्या लॅटिनमध्ये दुसऱ्या एखाद्या वरिष्ठाला चूक सापडली, तर बीजंटला ‘गाउदेआमुस’ हे विद्यार्थिगीत म्हणावे लागते. शेवटी फेसाची लढाई. ती पूर्वी सेंट साल्व्हेटर कॉलेजच्या चौकात होई. हल्ली शेजारच्या लोअर कॉलेज लॉनवर होते. दाढीचा फेस डोळ्यांत गेला की झोंबतो, म्हणून पोहण्याचा चष्मा लावलेला बरा. कपडे टाकून देण्याजोगे असावेत आणि कोरडे कपडे आधीच काढून ठेवावेत; त्या दिवसांत ओल्या अंगाला थंडी लवकर भरते.

वर्तन बिघडल्यामुळे १९३०च्या दशकात काही वर्षे या सोहळ्यावर बंदी होती. आजही धोका मद्याचाच. रविवारी दिवसभर घरोघरी पेले भरले जातात, ‘वडील देताहेत’ म्हणून नाही म्हणणे नवख्याला अवघड वाटते, आणि स्कॉटलंडमधून आलेली काही मुले तर १८ वर्षांचीही नसतात. मद्यविक्रीचे कायदेशीर वय तिथे १८ आहे. म्हणून जाणते आईवडील भरपेट खाऊ घालतात, मद्याशिवायचे पेय समोरच ठेवतात, नकार एकदाच ऐकून घेतात आणि रात्री प्रत्येक मुलाला त्याच्या दारापर्यंत सोडतात. ज्या घरात हे होत नाही, तिथून मुलाने उठून जावे. नाते ऐच्छिक आहे, ते कधीही सोडता येते आणि दुसरे कुटुंबही मिळते.

मुले पुढे स्वतः आईवडील झाली की जुने आईवडील आजी-आजोबा ठरतात. पदवीनंतरही अनेक घराण्यांचा संपर्क टिकतो.