एआय बघतं, रोबोट हात लावतो: डेंटलच्या पोरांचा नेहमीचा घोळ

आमच्या चिपळूण-खेड पट्ट्यात बीडीएसच्या पोरांना एआयबद्दल काय वाटतं विचारलं की पोरं थेट रोबोटवर जातात, "सर, उद्या मशीनच दात काढणार, मग आपण काय करायचं", आणि रोबोटबद्दल विचारलं की चॅटजीपीटीवर घसरतात. त्यांच्या लेखी दोन्ही एकाच माळेचे मणी. तसं नाहीये ते.

एआय फक्त बघतं आणि सांगतं. डॉक्टरांनी खुणा करून ठेवलेले हजारो एक्स-रे दाखवून ते शिकवलेलं असतं, मग आपण बाइटविंग (दाढांचा छोटा एक्स-रे) टाकला की दोन दाढांमधली कीड, हाड किती खाली गेलंय, यावर रंगीत खुणा करून देतं. अमेरिकेत ओव्हरजेट, पर्ल असल्या सॉफ्टवेअरना एफडीएची (तिथल्या औषध-उपकरण नियामकाची) परवानगी मिळून काही वर्षं झालीत. पण दाताच्या मानेपाशी, इनॅमल (दाताचं कडक आवरण) संपतं आणि हाड सुरू होतं त्या मधल्या पट्ट्यात किरण जास्त आरपार जातात, तिथे काळपट दिसतं, त्याला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात आणि ती कीड नसतेच. थर्ड इयरचं पोरगं हमखास तिथे फसतं, सॉफ्टवेअरही फसू शकतं, मग एक्सप्लोरर (दात तपासायची टोकदार सळई) घेऊन तोंडात बघायचं कोणी? आपणच की.

रोबोटचं काम हाताचं. योमी नावाच्या रोबोटला 2016 च्या डिसेंबरात इम्प्लांटसाठी (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) एफडीएची मान्यता मिळाली, पण त्यातही ड्रिल डॉक्टरच्याच हातात असतं, आधी सीबीसीटीवर (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनवर) ठरवलेला कोन किंवा खोली सोडून हात जायला लागला की रोबोटचा आर्म अडवतो, बस्स. 2017 मध्ये चीनमधल्या शिआनला मात्र रोबोटने स्वतः एका बाईच्या तोंडात दोन इम्प्लांट बसवले, डॉक्टर बाजूला लक्ष ठेवून होते, चूक 0.2 ते 0.3 मिमीच्या आत राहिली. आणि हे लक्षात घ्या, ठरवलेल्या मापावर चालायला रोबोटला एआय लागतंच असं नाही. तसंच एआयला हात नसतात. (दोन्ही एकत्र आणायचे प्रयोग चालू आहेत, तो वेगळा विषय.)

आता आपल्याकडचा पेशंट घ्या. सुपारी-गुटखा खाऊन सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होणं) झालेला, तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. तिथे रोबोटचं ड्रिल आणि दातांवर बसवायचा, जागा ओळखणारा तो ट्रॅकर कुठून घालणार? बाइटविंगचा सेन्सरसुद्धा नीट बसत नाही. पण ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) बाहेरूनच निघतो, म्हणजे एआयला वाचायला काहीतरी मिळतं तरी.

पोरांची मतं साधारण सगळीकडे सारखीच, हे अभ्यासक्रमात हवं म्हणतात, आतलं कळतं थोड्यांनाच, आणि भीती वाटते ती रोबोटची. माझ्या मते भीती चुकीच्या ठिकाणी आहे. पावसाळ्यात लाइट जाते अशा गावातल्या एका खुर्चीच्या क्लिनिकमध्ये एवढा महागडा रोबोट कोण आणतोय? एआय मात्र आरव्हीजीच्या (डिजिटल एक्स-रेच्या) सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप येईल, आणि मग पेशंट स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणेल, "डॉक्टर, लाल दिसतंय ना, मग भरत का नाही?" सॉफ्टवेअरने खूण केली आणि तुम्ही दात भरला नाहीत, तर का नाही भरला ते त्याच दिवशी केस पेपरवर लिहून ठेवा.