जोडशाळांची पार्श्वभूमी : मुलांचा रोजचा दिवस परदेशी वर्गात कसा पोचू लागला

जोडशाळा म्हणजे मुलांच्या लिखाणातून एकमेकींशी जोडलेल्या दोन ठिकाणच्या शाळा. अशा दोन देशांतल्या वर्गांनी एकमेकांना लिहायचं, तर आधी टपाल भरवशाचं आणि परवडणारं असायला हवं. ऑक्टोबर १८७४ मध्ये बर्न इथे २२ देशांनी करार केला आणि त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. त्याआधी पत्र ज्या ज्या देशांतून जाई, त्यांचे दर आणि आपसांतले करार वेगवेगळे असत. करारानंतर पाठवणाऱ्याने आपल्या देशाचं तिकीट लावलं की पत्र थेट पोचू लागलं. १९०६ च्या रोम अधिवेशनात उत्तर कुपनाची सोय झाली. पत्रासोबत कुपन पाठवलं की समोरच्याला त्याच्या टपाल कचेरीत त्याबदल्यात परतीचं तिकीट मिळे. उत्तराचा खर्च समोरच्या मुलावर पडू नये, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

शाळांनी याचा पहिला उपयोग परकी भाषा शिकण्यासाठी केला. १८९७ च्या सुमारास पॉल मिये या फ्रेंच शिक्षकाने फ्रेंच आणि इंग्रज विद्यार्थ्यांच्या जोड्या लावायला सुरुवात केली आणि लंडनचे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी ती कल्पना उचलून धरली. पण ही पत्रं म्हणजे मुख्यतः भाषेचा सराव होता. मूल सकाळी उठून काय करतं, हा त्यांचा विषय नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर ज्युनिअर रेडक्रॉसने, म्हणजे रेडक्रॉस या मदतसंस्थेच्या मुलांसाठीच्या शाखेने, वह्यांची देवाणघेवाण सुरू केली. एक वर्ग मिळून चित्रं, छायाचित्रं, वाळवलेली पानं आणि छोटे मजकूर एका मोठ्या वहीत चिकटवी. रेडक्रॉसच्या कार्यालयांमार्फत ती वही परदेशी वर्गाकडे जाई. एकट्या मुलाऐवजी अख्ख्या वर्गाने लिहायचं, ही या पद्धतीची देणगी. पण वह्या फार सजवल्या जात. चांगल्या अक्षराच्या मुलांनी लिहायचं, सण आणि पोशाख दाखवायचे, बाकीच्यांनी बघायचं. शिवाय वही तयार होऊन, पोचून, उत्तर येईपर्यंत महिने उलटत. आजच्या उपक्रमांतही हे दोन्ही दोष सर्रास दिसतात, फक्त वहीच्या जागी स्लाइड्स आल्या आहेत.

खरं वळण मिळालं ते फ्रान्समध्ये, आणि तेही एकाच देशातल्या दोन शाळांमुळे. सेलेस्तँ फ्रेने हे आल्प्स-मारितीम जिल्ह्यातल्या बार-सुर-लू या डोंगराळ गावचे शिक्षक. युद्धात त्यांच्या फुप्फुसाला जबर जखम झाली होती आणि तासन्‌तास मोठ्याने बोलून शिकवणं त्यांना झेपत नव्हतं. १९२४ मध्ये त्यांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःच्या अनुभवाचा मजकूर लिहीत, वर्ग मिळून तो दुरुस्त करी, मग छपाईच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून तो छापला जाई. १९२६ मध्ये वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँकचे शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी नियमित देवाणघेवाण सुरू झाली. डोंगरातल्या मुलांना समुद्राकाठचे सोबती मिळाले.

यातलं मर्म छपाईच्या कामात दडलेलं आहे. एक ओळ जुळवायला वेळ लागतो, म्हणून फापटपसारा आपोआप गळतो. आणि वाचणाऱ्याला आपलं गाव ठाऊक नाही, म्हणून ‘आमची शाळा छान आहे’ एवढ्यावर भागत नाही. किती पायऱ्या चढायच्या, घंटा कोण वाजवतं, पावसात कुठे बसायचं, हे सांगावं लागतं. पलीकडच्या वर्गाने नेमकं तेच पुन्हा विचारलं की मूल स्वतःहून दुरुस्त करून लिहितं. शिक्षकाच्या लाल शाईने जे साधत नाही ते इथे साधतं, असं आमचं ठाम मत आहे. फ्रेने यांच्या चळवळीतून ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. दोन वर्गांना समान भाषा नसेल तिथे काही शिक्षकांनी एस्परांटो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचा आधार घेतला. पन्नाशीच्या दशकात टेपरेकॉर्डर आले आणि पाकिटातून आवाजही जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर संस्था पुढे आल्या. युनेस्कोने १९५३ मध्ये १५ देशांतल्या ३३ माध्यमिक शाळांपासून सहयोगी शाळांचं जाळं सुरू केलं. १९६३ च्या एलिझे या मैत्रीकरारानंतर फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त कार्यालय काढलं. तिथे भर प्रत्यक्ष भेटींवर होता.

संगणकाने वाट पाहण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आणला. १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को इथल्या शाळा जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्यातूनच पुढे अनेक देशांतल्या शाळांचं आय-अर्न हे जाळं वाढलं. नॉर्वेच्या ऑड दे प्रेस्नो यांनी १९९० मध्ये मुलांना ईमेलने जोडणारं किडलिंक सुरू केलं, त्याचा नियम मोठा शहाणपणाचा होता : गप्पांत सामील होण्याआधी प्रत्येक मुलाने चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. मी कोण आहे? मोठेपणी मला काय व्हायचंय? जग कसं सुधारावं असं मला वाटतं? त्यासाठी मी आत्ता काय करू शकतो? त्यामुळे पहिलाच निरोप ‘हॅलो, कसा आहेस’ इथे थांबत नसे. या काळातला मोठा घात म्हणजे उत्तर न येणं. पत्र उशिरा येणार हे सर्वांनी गृहीत धरलेलं असे, ईमेलला मात्र दोन दिवस उत्तर नाही आलं की मुलं खट्टू होत.

२००५ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने शाळा ऑनलाइन जोडणारं ई-ट्विनिंग सुरू केलं. नोंदणी केलेल्या शिक्षकांनाच प्रवेश आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतःची बंदिस्त जागा, ही त्याची रचना. पुढे व्हिडिओ कॉल सर्वत्र पोचला आणि अनेक शाळांनी लिखाण सोडून थेट कॉलच धरला. तिथे फसगत ठरलेली. तीस मुलं एका कॅमेऱ्यासमोर बसली की मागच्यांचा आवाज पोचत नाही, आणि एकाच खोलीत दोन यंत्रांचे माइक व स्पीकर चालू राहिले तर आवाज घुमतो. कॉल हवाच असेल तर अर्धा तास पुरे. माइक एकच ठेवावा, प्रश्न आठवडाभर आधी पाठवावेत आणि चार-पाच मुलांनी आळीपाळीने बोलावं. मिनिटभराच्या ध्वनिमुद्रित चित्रफिती त्याहून कामाच्या : त्या पुन्हा पाहता येतात, थांबवता येतात आणि लाजरं मूलही घरी चार वेळा करून बघू शकतं.

वर्गांची संख्या क्वचितच जुळते. एकीकडे चाळीस आणि दुसरीकडे पंचवीस मुलं असली तर जोड्या लावल्यावर पंधरा उरतात. म्हणून तीन-चार जणांचे गट करून गटाला गट जोडावा, कुणी आजारी पडलं तरी साखळी तुटत नाही. पाठवायची तारीख दोन्ही शिक्षकांनी सुरुवातीलाच ठरवावी आणि समोरून काही आलेलं नसलं तरी आपलं पाठवावंच.

वेळापत्रकही आधी जुळवून घ्यावं. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास, तर ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. युरोपात बहुतेक ठिकाणी मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या मधल्या दिवसांत ठरलेला कॉल एका तासाने चुकतो.

मुलांच्या माहितीबाबतचे नियम अलीकडचे आहेत. अमेरिकेतला १९९८ चा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्याआधी पालकांची संमती मागतो. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमात ऑनलाइन सेवांसाठी मुलाची स्वतःची संमती चालण्याचं वय १६ आहे, देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येतं. दोन शाळांचे नियम वेगळे असतील तर जास्त कडक असलेला नियम दोघांनी पाळावा. आडनाव, घरचा पत्ता आणि शाळेत येण्याजाण्याचा नेमका रस्ता व वेळ मुलांच्या मजकुरातून काढून टाकावेत. ‘माझा दिवस’ या विषयात रस्ता आणि वेळ सहज येतात, म्हणून पाठवण्याआधी शिक्षकाने ओळन्‌ओळ वाचायलाच हवी.