जागतिक प्रदर्शनांतल्या शोभिवंत वस्तू आणि नागपूर : पार्श्वभूमी

जुन्या जागतिक प्रदर्शनांत गाजलेल्या शोभिवंत वस्तू एकत्र मांडायच्या, हे संग्रहालयांना अलीकडे पुन्हा आवडू लागले आहे. २०१२ साली अमेरिकेत १८५१ ते १९३९ या काळातल्या जागतिक प्रदर्शनांमधल्या सुमारे २०० वस्तूंचे असे प्रदर्शन भरले आणि पुढे ते तिथल्या काही शहरांत फिरले. चिनी माती, काच, चांदी, लाकूडकाम यांचे डोळे दिपवणारे नमुने अशा दालनांत असतात. पण नागपूरकराने ते बघताना आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. या वस्तू मुळात कोणत्या रांगेत ठेवल्या होत्या, आणि ती रांग कोणी आखली?

लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनात मालाची विभागणी चार भागांत झाली : कच्चा माल, यंत्रे, तयार माल आणि ललित कला. त्याखाली तीस वर्ग. रंगचित्रांना तर, तंत्राचा नमुना म्हणून आणली नसतील तर, प्रवेशच नव्हता. सगळा भर उद्योगावर. हिंदुस्थानातून गेलेले किनखाब, ढाक्याची मलमल, बिदरीची भांडी, हस्तिदंती काम हे या चौकटीत बहुतांश तयार माल ठरले. ही विभागणी निव्वळ सोयीची होती असे आजही लिहिले जाते. ते पटत नाही. कारण त्याच प्रदर्शनात तिथल्या नामवंत रचनाकारांनी हिंदी कापडाकडे बोट दाखवून म्हटले, की रंगांची जुळणी आणि पृष्ठभाग न मोडता केलेली वेलबुट्टी शिकायची तर इथून शिका. सरकारने ५,००० पौंड मंजूर केले, निवड समितीने प्रदर्शनातूनच खरेदी केली आणि त्यात हिंदी वस्तूंना मोठा वाटा मिळाला. या खरेदीतून उभ्या राहिलेल्या नव्या संग्रहात १८५२ साली वाईट अभिरुचीचे एक स्वतंत्र दालन निघाले. त्यात इंग्लंडच्या कारखान्यांचा माल होता. कारखानदारांनी ओरड केली आणि ते लवकरच बंद पडले.

म्हणजे हिंदी विणकर अभिरुचीचा गुरू ठरला, पण कलावंत ठरला नाही. हीच फट पुढे साठ वर्षे रुंदावत गेली. १८६६ साली हिंदी कापडांचे ७०० तुकडे अठरा खंडांत चिकटवून त्याचे वीस संच तयार केले गेले. तेरा ब्रिटनमध्ये राहिले, सात इकडे आले. मँचेस्टरसारख्या ठिकाणच्या गिरण्यांना इथल्या गिऱ्हाइकाची आवड कळावी, हा उघड हेतू होता. हातमागावरचे वस्त्र आता यंत्रासाठीचा नमुना झाले. आणि १९१० साली लंडनच्या एका सभेत एका ज्येष्ठ जाणकाराने, ज्याने हिंदी कारागिरीवर तीस वर्षांपूर्वी कौतुकाचा ग्रंथ लिहिला होता, जावाच्या बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. हिंदुस्थानात कारागिरी आहे, ललित कला नाही, असे त्याचे म्हणणे. तिथल्याच काही कलावंतांनी वृत्तपत्रात निषेध केला. वाद पेटला तो मूर्तीवरून, पण त्याचे मूळ १८५१च्या रांगांमध्ये होते.

नागपुरात ही चौकट फार लवकर आली. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोवर १८६३ साली इथे संग्रहालय निघाले. आपण त्याला अजब बंगला म्हणतो. दोन वर्षांनी, डिसेंबर १८६५ मध्ये, शहरात मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या अहवालाच्या शीर्षकातच कला, कारागिरी आणि उत्पन्न अशी तीन नावे शेजारी शेजारी आहेत. तेव्हा नागपूरपर्यंत रेल्वेही पोचलेली नव्हती, ती आली १८६७ मध्ये. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला आलेला भाव नुकताच उतरत होता. कापूस, धान्य, लाकूड आणि कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरे एकाच यादीत बसवण्याचा तो काळ.

पुढच्याच वर्षी जबलपूरला जे झाले ते याहून गंभीर आहे. १८६६-६७च्या तिथल्या प्रदर्शनात आदिवासींना आणून त्यांची पाहणी करण्यात आली. त्यावरचा समितीचा अहवाल १८६८ साली नागपुरातूनच छापला गेला आणि त्याच्या शीर्षकात या माणसांना सरळ ‘नमुने’ म्हटले आहे. कापडाला आणि माणसाला एकच शब्द. १८८६ साली लंडनच्या वसाहतींच्या प्रदर्शनात लोकांसमोर काम करायला बसवलेल्या हिंदी कारागिरांपैकी बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले होते, हे त्याच माळेतले.

नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कोष्ट्यांतले अनेकजण पुढे गिरणीकडे वळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना जोडून स्वदेशी मालाची प्रदर्शने भरू लागली. १९०७चे अधिवेशन नागपुरात व्हायचे होते, ते जहाल-मवाळ वादामुळे सुरतेला गेले. दुसऱ्या वर्षी, १९०८ मध्ये, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सरकारी प्रदर्शन मात्र नागपुरात भरले.

स्वातंत्र्यानंतरची वाट जास्त आशेची आहे. १९५२ साली हस्तकलांसाठी राष्ट्रीय मंडळ झाले. १९८०च्या दशकातल्या परदेशी भारत महोत्सवांनी कारागिरांना पुन्हा बाहेर नेले. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या पाटणगढचा गोंड चित्रकार आणि आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला वारली चित्रकार हे जगातल्या समकालीन कलावंतांच्या बरोबरीने मांडले गेले. मंडला म्हणजे जुना मध्य प्रांतच, ज्याचा कारभार नागपुरातून चाले. जबलपूरच्या त्या पाहणीला तेव्हा सव्वाशे वर्षेही झाली नव्हती.

भंडारा-पवनीच्या करवतकाठी साडीला आज भौगोलिक मानांकन आहे. टसरच्या अंगाला करवतीच्या दातांसारखी गुंतवलेला तो काठ तीन धोट्यांनी विणावा लागतो. जागतिक प्रदर्शनांतल्या वस्तू नागपुरात कधी मांडल्या गेल्या, तर लंडन-पॅरिसच्या चांदीशेजारी ही साडी असावी, आणि १८६५ व १८६८ चे दोन्ही अहवाल शीर्षकाचे पान उघडून त्याच दालनात ठेवावेत.