सीमधला 'ऑटो' आणि बर्डीची दोन नावं

नागपुरात ऑटो म्हटलं की बर्डीवर सवारीची वाट पाहत उभी असलेली तीनचाकी. त्यामुळे इथल्या कुठल्याही कॉलेजात सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकवताना 'ऑटो' हा कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) आला की हशा ठरलेला. हसून झाल्यावर कुणीतरी विचारतोच, "सर, हा लिहिला काय नि नाही लिहिला काय, प्रोग्राम तसाच चालतो. मग ठेवला कशाला?"

त्यासाठी सीच्या आधीच्या 'बी'कडे जावं लागतं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी १९७०च्या आसपास रचलेल्या या भाषेत डेटा टाइप नव्हतेच; प्रत्येक व्हेरिएबल म्हणजे मशीनचा एक वर्ड, म्हणजे मेमरीतला ठरावीक मापाचा कप्पा. 'इंट' (पूर्णांक) नाही, 'कॅर' (अक्षर) नाही, मग व्हेरिएबल जाहीर करायचं कसं? फंक्शनपुरतं असेल तर नावाआधी 'ऑटो' लिहून. फंक्शनच्या बाहेरचं हवं असेल तर 'एक्स्टर्न' (बीमध्ये त्यातला दुसरा 'ई' गाळलेला असे). पुढे डेनिस रिची यांनी टाइप आणले, बीची सी झाली आणि 'ऑटो'चं काम 'इंट'नेच उरकलं. शब्द मात्र राहिला. सीच्या सी२३ या स्टँडर्डने आता त्याला नवं काम दिलंय: सुरुवातीच्या किमतीवरून टाइप ओळखायचं.

व्हेरिएबल मेमरीऐवजी प्रोसेसरमधल्या झटपट कप्प्यात ठेवा, असं सांगणाऱ्या 'रजिस्टर'चीही तीच गत. पीडीपी-११ या जुन्या संगणकावर एका फंक्शनमधल्या पहिल्या तीनच रजिस्टर व्हेरिएबल्सना खरी जागा मिळायची. आजचे कंपायलर हे आपलं आपण ठरवतात.

'ऑटो', 'एक्स्टर्न', 'रजिस्टर' हे स्टोरेज क्लास, म्हणजे व्हेरिएबल कुठे नि कसं राहील ते सांगणारे शब्द. 'टाइपडेफ' याच रांगेत पाहून मी स्वतः बरेच दिवस गोंधळलो होतो. ते मेमरीत जागा घेतच नाही, टाइपला फक्त दुसरं नाव देतं. तरी व्याकरणात ते स्टोरेज क्लास, कारण वाक्यरचनेला तसं सोयीचं पडतं. दुसरं काही नाही.

फंक्शनलाच दुसरं नाव देणारं सिम्बॉल अलियस मात्र सीच्या स्टँडर्डमध्येच नाही. सीताबर्डी म्हणा की बर्डी, ऑटोवाला एकाच ठिकाणी उतरवतो. तशी लिंकरच्या (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत दोन नावं, पत्ता एकच. जीसीसी या कंपायलरमध्ये ते अ‍ॅट्रिब्यूट (कंपायलरला दिलेली खास सूचना) लावून करतात, पण मूळ फंक्शन त्याच फाइलीत असावं लागतं. जीलिबसी या सीच्या लायब्ररीत याचा वापर जागोजागी आहे. स्टँडर्ड सीच्या हिशेबाने 'रीड' नावाचं फंक्शन आपण खुशाल लिहू शकतो, पण लायब्ररीलाही तिचं स्वतःचं 'रीड' लागतं. म्हणून लायब्ररी स्वतःपुरतं पुढे दोन अंडरस्कोर लावलेलं नाव वापरते आणि साधं 'रीड' हे त्याचं वीक अलियस (दुसरं कुणी त्याच नावाचं आलं तर मागे सरणारं नाव) ठेवते. आपण आपलं 'रीड' लिहिलं की लिंकर आपलं घेतो, आणि लायब्ररीच्या आतलं, फाइल वाचणारं 'एफरीड' लायब्ररीच्या अंडरस्कोरवाल्या नावानेच चालत राहतं.