चांगलं डिझाइन स्वतःच बोलतं का?

'काम उत्तम असेल तर ते स्वतःच बोलतं, डिझायनरला बैठकीत वेगळं काही सांगावं लागत नाही.' डिझायनर मंडळींच्या ग्रुपवर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय.

ते अर्धं खरं आहे. वापरणाऱ्याला चांगलं डिझाइन समजावून द्यावं लागत नाही. पण पैसे मंजूर करणारा बहुतेकदा ते वापरत नसतो. त्याच्यासमोर खर्च, मुदत आणि जोखीम असते.

समजा, एखाद्या खरेदीच्या वेबसाइटवर महिन्याला 1,000 ग्राहक पेमेंटच्या पानापर्यंत येतात आणि 400 जण पैसे न भरताच निघून जातात. 'फॉर्म गोंधळाचा आहे' हे झालं मत. 'सरासरी ऑर्डर 500 रुपयांची. निघून जाणाऱ्यांतल्या 50 जणांनी जरी पैसे भरले तरी महिन्याची विक्री 25,000 रुपयांनी वाढेल' हा झाला धंद्याचा मुद्दा. डिझाइन तेच! अर्थात 50 हा अंदाजच. म्हणून काही दिवस निम्म्या ग्राहकांना जुना, निम्म्यांना नवा फॉर्म दाखवून फरक मोजायचा. आकडा उलटा आला तर तोही सांगायचा. माझ्या मते विश्वास त्यानेच बसतो.

आपल्याकडे काम खरंच स्वतःच बोलतं का हे पडताळायचं असेल तर आपल्याच कंपनीतल्या अलीकडच्या चार-पाच निर्णयांच्या नोंदी काढा. डिझायनरला केव्हा बोलावलं? काय बनवायचं हे ठरताना, की ठरल्यावर रंग आणि बटणं विचारायला? दुसरं दिसलं, तर मोठं पद मागण्याआधी पुढच्या नियोजनाच्या बैठकीचं बोलावणं मागावं, आणि जाताना कस्टमर केअरकडे आलेल्या तक्रारी सोबत न्याव्यात.