वकिलाच्या भिंतीवरचे फलक: अमेरिकेतली पार्श्वभूमी

अमेरिकेत वकिलाच्या ऑफिसात गेलं की पदवीच्या शेजारी दोन-चार चकचकीत फलक दिसतात: ‘सुपर लॉयर्स’, ‘बेस्ट लॉयर्स’, ‘एव्ही’. खुर्चीत बसलेल्या अशिलाला सहज वाचता येतील अशा बेताने ते लावलेले असतात. गंमत म्हणजे वकिलांना अशी पावती देणं सुरू झालं, तेव्हा हा साधा अशील कुणाच्या हिशेबात नव्हता.

जेम्स मार्टिन्डेल यांनी १८६८ मध्ये वकिलांची यादी छापली ती व्यापारी, बँका आणि इतर वकिलांसाठी. परगावी उधारी अडकली तर तिथला भरवशाचा वकील कोण, एवढाच प्रश्न होता. १९३० च्या सुमारास ती हबेल यांच्या यादीत मिसळली आणि ‘मार्टिन्डेल-हबेल’चे जाडजूड खंड निघू लागले. त्यातल्या ‘एव्ही’ शेऱ्यातलं पहिलं अक्षर कायद्यातल्या कौशल्याचं, दुसरं सचोटीचं. मत द्यायचे ते बरोबरीचे वकील आणि न्यायाधीश, तेही नाव गुप्त ठेवून. घटस्फोटासाठी वकील शोधणारा माणूस हे खंड कशाला उघडतोय!

त्याच्यापर्यंत पोचायची वकिलालाही मुभा नव्हती. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या १९०८ च्या आचारसंहितेने जाहिरात निषिद्ध ठरवली होती. ही भिंत पाडली अ‍ॅरिझोनातल्या बेट्स आणि ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी. १९७६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात आपले दरच छापून टाकले: विनावाद घटस्फोट, १७५ डॉलर, वर कोर्टाची फी २० डॉलर. अ‍ॅरिझोनाच्या बारने, म्हणजे तिथल्या वकील संघटनेने, कारवाई केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जाहिरातीच्या बाजूने कौल दिला.

मग प्रश्न आला बिरुदांचा. इलिनॉयमधल्या पील नावाच्या वकिलाने लेटरहेडवर खटला चालवण्याच्या कामातलं राष्ट्रीय प्रमाणपत्र छापलं. त्याला ठपका बसला; सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो रद्द केला. ते प्रमाणपत्र परीक्षा आणि प्रत्यक्ष चालवलेले खटले पाहून मिळत होतं. माझ्या मते अशिलाने सगळ्यात आधी पाहावं ते हेच: फलकामागे परीक्षा आहे, की इतर वकिलांचं मत?

मत कमी दर्जाचं असतं असं नाही. कोर्टात समोर उभे राहिलेले लोक माणूस बरोबर ओळखतात. पण तो तुमचे फोन उचलेल का, हे त्यांना काय ठाऊक? ‘सुपर लॉयर्स’ १९९१ मध्ये मिनेसोटात सुरू झालं. राज्यातल्या जास्तीत जास्त पाच टक्के वकिलांची निवड, सहकाऱ्यांच्या शिफारशी आणि संस्थेची स्वतःची छाननी, अशी पद्धत. निवडीला पैसे पडत नाहीत. फलक आणि जाहिरातीचं पान मात्र विकत घ्यावं लागतं.

२००६ मध्ये न्यू जर्सीच्या वकील-जाहिरात समितीने या बिरुदांवर बंदीच घातली. ‘सुपर’ म्हटलं की अशिलाच्या अपेक्षा उगाच वाढतात, ही तक्रार. त्या राज्याच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बंदी उठवली आणि पुढे नियम बदलले. आता त्या राज्यात असं बिरुद मिरवायचं तर ते देणाऱ्या संस्थेचं नाव लिहावं लागतं. खाली आणखी एक ओळ असते: या जाहिरातीच्या कोणत्याही भागाला न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाची मान्यता नाही.