शूटिंग, शो आणि दौऱ्यांचा विमा (मुंबई)

शूटिंग, नाटकाचे प्रयोग, ऑर्केस्ट्रा, गायकाचा दौरा, यात कुणाला लागलं, सेट जळला, सामान हरवलं किंवा शोच रद्द झाला तर नुकसान भरून मिळावं म्हणून जो विमा काढतात त्याला मुंबईत लोक सरसकट 'इव्हेंटचं कव्हर' नाहीतर 'प्रोडक्शनचा इन्शुरन्स' म्हणतात. ही एक पॉलिसी नसते, चार-पाच कव्हरची मोट असते. मुख्य कलाकार आजारी पडला तर कास्ट कव्हर किंवा नॉन-अपिअरन्स, कॅमेरा-लाइट-सेटसाठी प्रॉपर्टीचं, प्रेक्षकाला इजा झाली तर पब्लिक लायबिलिटी, कामगारांसाठी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट, आणि शो रद्द झाला तर कॅन्सलेशन. तिकिटं खपली नाहीत म्हणून शो रद्द केला तर एक रुपया मिळत नाही, तो धंद्यातला धोका, विम्यातला नाही.

पूर्वी हे सगळं विश्वासावर आणि ओळखीवर चालायचं. 26 जुलै 1982 ला बंगळुरूत 'कुली'च्या फायट सीनमध्ये अमिताभ बच्चनना जबर मार लागला, त्यांना मुंबईला ब्रीच कँडीत आणलं आणि शूटिंग काही महिने थांबलं. 8 फेब्रुवारी 1989 ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानवरच्या मालिकेच्या सेटला आग लागून 62 माणसं गेली. 1998 मध्ये सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, त्यानंतर बँकेचा पैसा यायचा तर कागद नीट हवेत हे निर्मात्यांना कळलं, आणि विमा उतरवलेला पहिला हिंदी सिनेमा म्हणून सुभाष घईंच्या 'ताल'चं (1999) नाव घेतात. पुढे खासगी विमा कंपन्या आल्या तसे पर्याय वाढले. तरी पैशाने सगळं भरून येत नाही, 16 सप्टेंबर 2017 ला चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली तेव्हा जुन्या सिनेमांचे कपडे आणि वस्तूही जळाल्या, त्या कुठल्या कव्हरने परत येणार?

मुंबईत सगळ्यात जास्त डोकं खातो तो पाऊस. मैदानावरच्या शोला खराब हवामानाचं कव्हर बहुतेक वेळा वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि काही पॉलिसींत अमुक मिलिमीटर पाऊस झाला तरच पैसे, असा हिशोब असतो. मग प्रश्न येतो, पाऊस मोजायचा कुठे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. शो गोरेगावात आणि पॉलिसीत पाऊस मोजायचं केंद्र कुलाब्याचं, असं असेल तर मैदानात गुडघाभर पाणी असूनही क्लेम बसणार नाही. सही करण्याआधी केंद्राचं नाव वाचायचंच, आणि ते दुसऱ्यावर सोपवायचं नाही.

सरकारी दुखवट्याचंही तसंच. 6 फेब्रुवारी 2022 ला लतादीदी गेल्या, देशात दोन दिवस दुखवटा आणि 7 तारखेला महाराष्ट्रात सुट्टी. अशा वेळी शो होत नाही, पण दुखवट्याचं कलम घेतलेलं नसेल तर हॉलचं भाडं, साऊंडचा अ‍ॅडव्हान्स सगळं आयोजकाच्या अंगावर पडतं. साथीचे रोग 2020 नंतर बहुतेक कॅन्सलेशन पॉलिसींनी बाहेरच काढले. आणि प्रीमियम वेळेत भरायचा, 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी सांगतं की पैसे पोचल्याशिवाय कंपनीवर जोखीमच येत नाही. "उद्या देतो" म्हणत शोच्या सकाळपर्यंत थांबणारे निर्माते अजून भेटतात, वाईट वाटतं.

आता दौऱ्याचं. रात्री प्रयोग सुटल्यावर दादरला शिवाजी मंदिरच्या बाहेर टेम्पो भरताना बघा, आधी फ्लॅट (सेटच्या उभ्या भिंती), मग लेव्हल (सेटचे चौथरे), वर लाइटच्या पेट्या, शेवटी ताडपत्री आणि दोरी, आणि ते भरणारी चार पोरं मग त्याच सामानावर बसून पहाटे नाशिकला पोचतात. मी स्वतः दौऱ्यावर असताना एकदा ताडपत्री फाटली आणि हार्मोनियम भिजली, सूर धरेना, भाता सुटला. विमा कंपनीचा नुकसान बघायला आलेला माणूस, म्हणजे सर्व्हेअर, त्याने पहिला प्रश्न विचारला, बिल कुठाय? पेटी वीस वर्षं जुनी, वादकाला गुरूंकडून मिळालेली, बिल कुठून आणणार. क्लेम गेला. तेव्हापासून प्रत्येक वाद्याचा फोटो, नंबर आणि जाणकाराकडून किमतीचं पत्र पॉलिसीला आधीच जोडायचं हे मी सगळ्यांना सांगते.

मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना तर जास्तच जपावं लागतं, तुंबा भोपळ्याचा असतो, आपटला की तडा जातो, आणि हवेतल्या फरकाने आपोआप तडकला तर साधारण तो वस्तूचाच दोष धरून कंपनी हात वर करते. विमानात सामान हरवलं तर विमान कंपनीची जबाबदारी मर्यादित, देशातल्या फ्लाइटला 20,000 रुपयांपर्यंत, यात चांगल्या सतारीचं काय होणार. म्हणून 'ऑल रिस्क', म्हणजे पॉलिसीत वगळलेलं सोडून बाकी सगळ्या नुकसानीचं कव्हर वेगळं घेतात. परदेशात तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाताना वाद्यांवर तिथे कस्टम ड्युटी लागू नये म्हणून एटीए कार्नेट नावाचं कस्टमचं कागदपत्र काढतात, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, वर्षभर चालतं, पण तो विमा नव्हे, हा घोळ खूप जण करतात.

आणि माणसं. पोस्टरवरच्या नावाला कास्ट कव्हर मिळतं, सेटिंगवाला, स्पॉटदादा, ज्युनिअर आर्टिस्ट, ड्रायव्हर यांचं नाव यादीत नसतं, कारण ते रोजावर किंवा नाईटवर (प्रयोगामागे पैसे घेऊन) येतात आणि आयत्या वेळी बदलतात. कामावर लागलं तर कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, आधी 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने होती, आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने, पण इथे मालक कोण हेच ठरत नाही, निर्माता कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार सप्लायरकडे. हे बदलता येतं. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2022 मध्ये गणपतीसाठी 316.40 कोटींचा विमा काढला, त्यातले जवळपास 32 कोटी सोन्याचांदीचे आणि 263 कोटी माणसांचे, त्यात स्वयंपाकी, सुरक्षारक्षक, अगदी चपलांच्या स्टॉलवरची माणसंसुद्धा. 2023 च्या दहीहंडीला राज्य सरकारने 50,000 गोविंदांचा विमा उतरवला, माणशी प्रीमियम 75 रुपये, मृत्यू झाला तर घरच्यांना 10 लाख. नाटकाच्या बसमधल्या पंचवीस जणांसाठी ग्रुप पॉलिसीही मोठ्या खर्चाची नसते. बस सुटायच्या आधी मॅनेजरने हजेरी घेताना बदली आलेल्या लाइटवाल्याचं पूर्ण नाव आणि वय लिहून एजंटला पाठवायचं, त्याने नोंद झाल्याचं कळवलं की मगच ड्रायव्हरला गाडी काढायला सांगायचं.